बिळाला कायद्याचे संरक्षण आहे, रानाला नाही : बॅजरसाठी गावाने जमीन विकत घ्यावी का?

सेव्हर्नकाठ

नमस्कार मंडळी. मी गेली नऊ वर्षे इंग्लंडमध्ये, ग्लॉस्टरशायर परगण्यातील एका लहान गावात राहतो. आमच्या घरामागच्या उतारावर सुमारे चार एकरांची सफरचंदाची जुनी बाग आहे. तिच्या वृद्ध मालकीणबाई मागील वर्षी वारल्या आणि वारसांना आता ती विकायची आहे. बागेच्या वरच्या अंगाला एल्डरच्या झुडपांखाली बॅजर या रात्री फिरणाऱ्या रानटी प्राण्याची बिळे असून गावातील जुनी माणसे सांगतात की त्यांच्या आजोबांच्या काळातही ती तिथेच होती.

घरे बांधू इच्छिणाऱ्या एका कंपनीने जो आराखडा मांडला आहे त्यात बिळांभोवती कुंपण घालून एक पट्टा राखलेला आहे आणि उरलेल्या जागेवर घरे दाखवली आहेत. "बिळांना हात लावणार नाही, मग तक्रार कसली?" असे त्यांचे म्हणणे आहे. कायद्याच्या दृष्टीने त्यात खोट काढता येत नाही. येथील १९९२ चा बॅजर संरक्षण कायदा प्राण्याला आणि त्याच्या बिळाला संरक्षण देतो. बॅजरला मारणे, छळणे, बिळाची नासधूस करणे, त्याचे तोंड बुजवणे किंवा आत कुत्रा सोडणे हे सगळे गुन्हे आहेत. मात्र बॅजर रात्री ज्या गवतात चरतो, त्या गवताबद्दल हा कायदा काहीही बोलत नाही.

मागील मे महिन्यात मी आणि माझी मुलगी रात्री साडेनऊच्या सुमारास वाऱ्याच्या खालच्या बाजूला झाडाला टेकून बसलो होतो. आधी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे एक तोंड बिळाबाहेर आले, बराच वेळ हवा हुंगत राहिले आणि मग मागोमाग तीन पिल्ले बाहेर पडली. आईने कोरड्या गवताचा भारा हनुवटीखाली आणि पुढच्या पायांत धरला व ती उलट्या पावलांनी, मागे सरकत सरकत, तो बिळात घेऊन गेली. वाटेत चार काड्या सांडल्या, त्या उचलायला ती पुन्हा बाहेर आली. मुलीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटांचे वळ उठले.

गावातील काही कुटुंबांनी वर्गणी काढून ही जमीन विकत घ्यावी, असा विचार पुढे आला आहे. माझे मत त्याच बाजूचे आहे. तरीही दोन प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. नुसते बीळ राखले म्हणजे बॅजर राखला, असे म्हणता येईल का? आणि चार एकरांसाठी गावाने एवढा खर्च करणे योग्य आहे का?

भटकी_वाट

अतिशय सुंदर वर्णन. एक प्राथमिक प्रश्न विचारते. हा बॅजर आपल्याकडे आढळतो का? आपण ज्याला बिज्जू म्हणतो तोच का हा?

रानवाटाड्या

भटकीताई, नाही. बिज्जू किंवा रातेल हा वेगळा प्राणी आहे. दोघेही मुंगूस किंवा अस्वल नव्हेत, तर पाणमांजराच्या कुळातले आहेत. रातेल एकटा फिरतो, मधाची पोळी फोडतो आणि आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. युरोपातला बॅजर मात्र कुटुंबकबिल्याने राहतो आणि त्याचे मुख्य अन्न गांडूळ आहे. ओल्या रात्री एक बॅजर दोनशेपर्यंत गांडुळे खातो. पिल्ले बहुधा फेब्रुवारीत, बिळाच्या पोटातच जन्मतात आणि एप्रिलनंतर बाहेर दिसू लागतात.

सेव्हर्नकाठ यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या गांडुळातच आहे. ऑक्सफर्डजवळच्या वायथम वनात हान्स क्रूक यांनी १९७० च्या दशकात बॅजरचा अभ्यास केला. बॅजरच्या एका कुटुंबाला किती मुलूख लागतो हे बिळांवर ठरत नाही, गांडुळांनी भरलेले गवताचे तुकडे एकमेकांपासून किती अंतरावर आहेत यावर ठरते, असे त्यांना दिसले. गांडुळे एका रात्री एका तुकड्यात वर येतात, तर वारा आणि ओल बदलली की दुसऱ्या रात्री दुसऱ्याच तुकड्यात. म्हणून असे अनेक तुकडे हाताशी असावे लागतात. बीळ तसेच ठेवून भोवतीचे गवत काढून घेणे म्हणजे चूल तशीच ठेवून घरातले धान्य उचलून नेण्यासारखे आहे.

गोठा_डेव्हन

मी पशुवैद्यक असून डेव्हनमध्ये दूध उत्पादकांच्या गोठ्यांवर काम करतो. या धाग्यावर दुसरी बाजू कुणी तरी मांडायला हवी, म्हणून लिहितो.

गुरांच्या क्षयरोगाची चाचणी कशी होते ते सांगतो. गायीच्या मानेवर दोन ठिकाणचे केस कापायचे, कातडीची जाडी मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायची, दोन वेगवेगळ्या द्रव्यांच्या सुया टोचायच्या आणि ७२ तासांनी परत येऊन गाठ किती सुजली ते पुन्हा मोजायचे. त्या दुसऱ्या सकाळी शेतकरी माझ्या हातातल्या मोजपट्टीकडे पाहत नाही, माझ्या तोंडाकडे पाहतो. मागील हिवाळ्यात एका गोठ्यातील अकरा गायी मला बाद ठरवाव्या लागल्या, म्हणजे त्या कत्तलीला गेल्या, आणि त्यांतील तीन गाभण होत्या. त्या घरातील बाईंनी प्रत्येक गायीचे नाव घेऊन तिला निरोप दिला. भरपाई मिळते, हे खरे आहे. पण ज्या गायीच्या आजीलाही तुम्ही स्वतः वाढवलेले असते, तिची भरपाई कोण करणार?

गुरांचा क्षयरोग बॅजरला होतो आणि बॅजरकडून तो गुरांना होऊ शकतो, हे शास्त्राने सिद्ध झाले आहे. या रोगाने मेलेला पहिला बॅजर १९७१ मध्ये सापडला तो ग्लॉस्टरशायरमध्येच, म्हणजे आपल्याच परगण्यात. शेजारच्या शेतकऱ्याला विश्वासात न घेता गावाने बॅजरसाठी जमीन घेतली, तर ती त्याला आपल्या विरोधातली कृती वाटेल. मी बॅजरचा शत्रू नाही. पण त्या शेतकऱ्याचे नाव या चर्चेत अजून आले नाही, हे मला खटकले.

ओढ्याकाठी

गोठा_डेव्हन, आपली कळकळ पोहोचली आणि अकरा गायींचा प्रसंग वाचून मन हेलावले. तरीही आपल्या लिहिण्यातून वाचकाने "मग बॅजर मारणे हाच उपाय" असा अर्थ काढू नये, म्हणून थोडा इतिहास सांगते.

१९७५ ते १९८२ या काळात बिळांत विषारी वायू सोडून बॅजर मारले गेले. १९९८ पासून सरकारने मोठी चाचणी घेतली. प्रत्येकी सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे तीस प्रदेश निवडले आणि जवळपास अकरा हजार बॅजर मारले. जिथे बॅजर मारले तिथे रोग काहीसा कमी झाला, पण त्या प्रदेशाच्या कडेच्या शेतांवर तो वाढला. कारण कुटुंब उद्ध्वस्त झाले की उरलेले बॅजर आपली हद्द सोडून लांबवर भटकू लागतात आणि रोगही सोबत नेतात. बॅजर मारल्याने रोगनियंत्रणात अर्थपूर्ण भर पडणार नाही, असा निष्कर्ष स्वतंत्र शास्त्रीय गटाने २००७ मध्ये दिला. एवढे होऊनही २०१३ मध्ये ग्लॉस्टरशायर आणि सॉमरसेटपासून पुन्हा सुरुवात झाली व त्यानंतर दोन लाख तीस हजारांहून अधिक बॅजर मारले गेले. चालू संसदेची मुदत संपेपर्यंत हे थांबवू, असे २०२४ मध्ये सरकारने जाहीर केले.

स्थिर, न हललेले कुटुंब शेजारी असणे शेतकऱ्याच्याही हिताचे आहे. उरलेल्या गवतावर घरे झाली तर त्याच बागेतले बॅजर भुकेपोटी कुठे जातील? खालच्या कुरणात आणि गोठ्यातल्या खाद्याच्या गव्हाणीपर्यंत.

गोठा_डेव्हन

ओढ्याकाठी, आपला शेवटचा मुद्दा मला मान्य आहे आणि मी तो या बाजूने पाहिला नव्हता. गोठ्यात बॅजर शिरू न देणे हा सल्ला मी रोज देतो. दाराच्या खालची फट साडेसात सेंटिमीटरांहून कमी ठेवा, खाद्याची कोठी बंद ठेवा, असे सांगतो. गुरांकडून गुरांना होणारा प्रसार हा प्रश्नाचा मोठा भाग आहे, हेही मी प्रामाणिकपणे मान्य करतो. २०१८ च्या सरकारी फेरआढाव्यानेही गुरांची ने-आण आणि गोठ्याची स्वच्छता यांवर पुरेसे लक्ष दिले जात नाही, असेच म्हटले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. बॅजरसाठी बीसीजी लस आहे आणि तिला २०१० मध्ये परवाना मिळाला. कॉर्नवॉलमध्ये बारा शेतांच्या परिसरात २०१९ ते २०२२ अशी चार वर्षे शेतकऱ्यांनीच पुढाकार घेऊन लसीकरण करवून घेतले. तिथे तपासलेल्या बॅजरांमधील बाधितांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून शून्यावर आले. परिसर लहान होता, म्हणून मी त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढणार नाही. पण ते शेतकरी समाधानी होते आणि माझ्या व्यवसायात ही गोष्ट लहान नाही. गाव जमीन घेणार असेल तर लसीकरणाचा प्रस्ताव घेऊनच शेजाऱ्याच्या दारात जावे.

दिवेलागण

सेव्हर्नकाठ दादा, एक तातडीची विनंती. आपण पहिल्या प्रतिसादासोबत जे छायाचित्र लावले आहे त्यात मागे चर्चचा मनोरा आणि वळणाचा रस्ता स्पष्ट दिसतो. कृपया ते आजच काढून टाका. बॅजरवर कुत्रे सोडण्याचा क्रूर खेळ इंग्लंडमध्ये १८३५ मध्ये कायद्याने बंद झाला, पण चोरून तो आजही चालतो. अशी माणसे बिळांचा ठावठिकाणा इंटरनेटवरील छायाचित्रांतून शोधतात. आमच्या भागातील एका बिळावर असेच झाले. सकाळी फावड्यांनी खणलेला खड्डा आणि रक्ताचे डाग तेवढे उरले होते. पोलीस आले, पण तोपर्यंत फार उशीर झाला होता.

सेव्हर्नकाठ

दिवेलागण, मनापासून आभार. छायाचित्र काढले आहे आणि दिशा कळेल असे एक वाक्यही वगळले आहे. उत्साहाच्या भरात ही चूक माझ्याकडून झाली.

घर_शोधतोय

माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडतो. मी आणि माझी पत्नी ब्रिस्टलमध्ये एका खोलीच्या घरात राहतो व आमचे निम्मे उत्पन्न भाड्यात जाते. जिथे जिथे घरे बांधायची ठरते तिथे गावकऱ्यांना अचानक वटवाघळे, सरडे आणि बॅजर आठवतात, असे मी अनेकदा पाहिले आहे. ज्यांची घरे आधीच झाली आहेत त्यांना मोकळे रान हवे असते. आपल्या गावातील शिक्षिका, परिचारिका, शेतमजूर कुठे राहणार, याचाही विचार त्या सभेत व्हावा.

सेव्हर्नकाठ

घर_शोधतोय, आपला प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. गावात घरे नकोत असे आमचे म्हणणे नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक बंद पडलेले लाकडाचे आवार आहे. तिथे फरशी, पत्र्याच्या शेड आणि रस्ता आधीपासून आहे. तिथे स्वस्त घरे व्हावीत, असा ठराव आम्ही बागेच्या ठरावाबरोबरच मांडणार आहोत. बागेसाठी सही करणाऱ्याने त्या ठरावावरही सही करावी, अशी अट मी स्वतः सुचवली आहे. आपले पत्र नाव न देता सभेत वाचून दाखवले तर चालेल का?

घर_शोधतोय

अवश्य वाचा. दोन्ही ठराव एकत्र येणार असतील तर माझा आक्षेप उरत नाही.

कागदपत्र

मी येथे नगररचना खात्यात काही वर्षे काम केले आहे, म्हणून कायद्याची वाट सांगते. भावनेने अर्ज अडत नाहीत, पुराव्याने अडतात.

पहिली गोष्ट अशी की, २०११ च्या स्थानिकता कायद्यानुसार पॅरिश कौन्सिल, म्हणजे आपल्या भाषेत ग्रामपंचायत, ती बाग "समाजोपयोगी मालमत्ता" म्हणून जिल्हा कौन्सिलकडे सुचवू शकते. नोंद झाली तर ती पाच वर्षे राहते. या काळात मालकाला जमीन विकायची असेल तर आधी कळवावे लागते. त्यानंतर सहा आठवड्यांत गावाच्या संस्थेने इच्छा नोंदवली, तर एकूण सहा महिने विक्री थांबते आणि तेवढ्यात पैसे उभे करता येतात. पण मालकाने गावालाच विकले पाहिजे, अशी सक्ती या कायद्यात नाही. शिवाय लोक त्या जागेचा खरोखर वापर करतात हे दाखवावे लागते. केवळ प्राणी राहतात म्हणून नोंद होत नाही. बागेतून पायवाट जाते का? शाळेची मुले तिथे येतात का? शरद ऋतूत गावकरी सफरचंदे वेचतात का? हे सगळे लिहून काढा.

बांधकामाच्या अर्जावर निर्णय देताना बॅजरचा विचार करावा लागतो हे खरे आहे. पण परवाना घेऊन बिळेही बंद करता येतात. जुलै ते नोव्हेंबर या काळात बिळांच्या तोंडांवर एकाच बाजूने उघडणारी दारे बसवतात, बॅजर बाहेर पडतो पण आत येऊ शकत नाही, आणि एकवीस दिवस लक्ष ठेवून मग बीळ बुजवतात. फेब्रुवारी २०२४ पासून विकासकाला आधीच्या तुलनेत निसर्गात दहा टक्के भर घालावी लागते, पण तो हिशेब अधिवासाच्या प्रकारांचा असतो. त्यात बॅजर मोजला जात नाही.

म्हणून बॅजर नेमके कुठे चरतात याचा नकाशा तयार करा. त्याची जुनी रीत अशी आहे. शेंगदाणे आणि साखरेचा पाक यांत रंगीत प्लास्टिकचे बारीक मणी कालवून ते बिळांच्या तोंडाशी ठेवतात. बॅजर ते खातो आणि मणी त्याच्या विष्ठेतून जसेच्या तसे बाहेर पडतात. आपल्या हद्दीच्या कडेने तो लहान लहान खळगे करून त्यांत विष्ठा टाकतो. ते खळगे शोधत हिंडायचे आणि जिथे मणी सापडतील तिथे नकाशावर खूण करायची. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यासाठी उत्तम काळ आहे. जवळच्या बॅजर मंडळाच्या अनुभवी सदस्याला बरोबर घ्या, बिळांवर पाय देऊ नका.

डच_वारा

नेदरलँड्समधून लिहितो. १९८० च्या सुमारास या देशात बॅजर जेमतेम बाराशे उरले होते. १९८१ मध्ये याप डिर्कमाट यांनी "दास एन बोम" ही संस्था काढली. "दास" म्हणजे बॅजर आणि "बोम" म्हणजे झाड. त्यांनी बिळांभोवतीची शेतबांधाची झुडपे आणि कुरणे यांसाठी लढा दिला, न्यायालयात गेले, रस्त्यांखालून बॅजरसाठी नळासारखे भुयारी मार्ग करून घेतले. आज बॅजरांची संख्या अनेक पटींनी वाढली आहे.

वाढल्यावर नव्या अडचणीही आल्या. मार्च २०२३ मध्ये देन बॉश आणि बॉक्स्टेल यांच्या दरम्यान बॅजरांनी रुळांखाली बिळे खणल्यामुळे गाड्या बंद ठेवाव्या लागल्या. मी त्या मार्गाने कामावर जात असे. सहप्रवाशांची गैरसोय खूप झाली, पण त्यांना मारून टाका असे माझ्या ऐकण्यात कुणी म्हटले नाही. आपल्या बागेच्या खालून रस्ता जातो का, हे आधी पाहा. ब्रिटनमध्ये वाहनांखाली दर वर्षी सुमारे पन्नास हजार बॅजर मरतात, असा तेथील अंदाज वाचला आहे.

देवराई_काका

सिंधुदुर्गातून लिहितो. आमच्या गावच्या राईत कोयता चालत नाही. पडलेले वाळके लाकूडसुद्धा गावाने गाऱ्हाणे घातल्याशिवाय कुणी उचलत नाही. राई देवाची, त्यामुळे ती कुणी एकाने विकायचा प्रश्न येत नसे. आपल्याकडे देव नसला तरी कागदावर तीच गोष्ट लिहून घ्या. वर्गणी देणाऱ्या पिढीचा उत्साह दहा वर्षे टिकतो, पुढच्या पिढीत कुणी तरी "हे विकून सभागृह बांधू" म्हणतोच. आमच्याकडे काही राया रस्त्यासाठी आणि मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी तुटल्या, त्या गावकऱ्यांच्याच हातांनी तुटल्या.

दुसरे, जमीन घेतल्यावर गवत कोण राखणार?

रानवाटाड्या

काकांचा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. गवत मोकळे सोडले तर ते गुडघ्याच्या वर वाढते, मग काटेरी झुडपे येतात आणि बॅजरला गांडुळे मिळत नाहीत. त्याला आखूड, ओलसर गवत लागते. म्हणजे तिथे गुरे किंवा मेंढ्या चरायलाच हव्यात. कडक उन्हाळ्यात गांडुळे खोल जातात तेव्हा झाडाखाली पडलेली फळे आणि एल्डरची बोरे त्याला तारतात, त्यामुळे जुनी झाडेही राखायला हवीत.

भटकी_वाट

म्हणजे बॅजरला गायी हव्यात! गोठा_डेव्हन, हे वाचून आपल्याला काय वाटते, ते जाणून घ्यायला आवडेल.

गोठा_डेव्हन

समाधान वाटते. मेंढ्यांपासून सुरुवात करा, त्यात धोका कमी आहे.

सेव्हर्नकाठ

अडीच महिन्यांनी पुन्हा लिहितो आहे. आपल्या सर्वांच्या सूचना छापून मी सभेत नेल्या होत्या.

कागदपत्र यांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही निळे मणी कालवलेले शेंगदाणे दहा दिवस बिळांच्या तोंडाशी ठेवले. मंडळातील एका आजोबांनी आम्हाला खुणा शिकवल्या. बिळाच्या बाहेर उपसलेल्या मातीत सापडलेला केस दोन बोटांत धरून फिरवला तर तो गोल फिरत नाही, अडखळतो, कारण बॅजरचा केस चपटा असतो. हे माझ्या मुलीने आता शाळेतील सगळ्यांना शिकवले आहे. मार्चच्या शेवटच्या दोन आठवड्यांत आम्ही चौदा जण बांधाबांधाने खळगे शोधत फिरलो.

नकाशा पाहून आम्ही सगळे गप्प झालो. निळे मणी बागेत सापडलेच, पण त्याहून अधिक खालच्या ओढ्याकाठी, शेजारच्या शेतकऱ्याच्या कुरणात सापडले. माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले : बीळ पुरेसे नाही. आणि जे मी विचारलेही नव्हते तेही कळले. चार एकरही पुरेसे नाहीत.

गोठा_डेव्हन, आपण सांगितले नसते तर मी त्या शेतकऱ्याकडे गेलो नसतो. तो नकाशा घेऊन मी आणि आजोबा त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. त्यांनी बराच वेळ निळ्या ठिपक्यांकडे पाहिले आणि विचारले, "म्हणजे हे रोज रात्री माझ्याच घरी जेवतात?" त्यांच्या गोठ्यातील सहा गायी तीन वर्षांपूर्वी गेल्या आहेत. बॅजर मारणाऱ्यांना जमिनीवर येऊ देण्याच्या संमतीपत्रावर त्यांनी तेव्हा सही केली होती, हेही त्यांनी आम्हाला स्वतःहून सांगितले. शेवटी त्यांनी दोन अटी घातल्या. लसीकरण दर वर्षी झाले पाहिजे आणि त्यांच्या गोठ्याच्या दारांना पत्रे ठोकायला गावाने मनुष्यबळ दिले पाहिजे. त्या बदल्यात ओढ्याकाठचा पट्टा नांगरणार नाही असे ते लिहून देणार आहेत, आणि बागेत त्यांच्याच मेंढ्या चरतील.

बागेच्या नोंदणीचा अर्ज पॅरिश कौन्सिलने एकमताने पाठवला आहे. लाकडाच्या आवाराचा ठरावही संमत झाला. घर_शोधतोय यांचे पत्र वाचल्यावर तीन हात विरोधातून बाजूने गेले. काकांची सूचना मानून, संस्था मोडली तरी जमीन निसर्गाच्याच कामासाठी दुसऱ्या धर्मादाय संस्थेकडे जाईल, असे कलम मसुद्यात घातले आहे. वर्गणी अजून निम्मी व्हायची आहे आणि वारसांचे उत्तर यायचे आहे.

लसीकरण करणारे प्रशिक्षित लोक मेअखेरीस पिंजरे मांडतील. त्याआधी आठवडाभर रोज संध्याकाळी पिंजऱ्यांपाशी शेंगदाणे ठेवायचे असतात, म्हणजे बॅजरला त्यांची सवय होते. पाळ्या लावल्या आहेत. मंगळवार आणि शनिवार आमच्या घराकडे आहेत.

दिवेलागण

दादा, शेंगदाणे खारवलेले नसावेत, आणि त्यांवर सपाट दगड ठेवा, म्हणजे खारी आधी संपवणार नाहीत. बॅजर दगड सहज उलथतो.

सेव्हर्नकाठ

लिहून घेतले. दगड ओढ्यातून आणतो.